गणपतीच्या तोंडावर लाकडी कपाटांना पॉलिश नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वरकडच्या घराघरांत रंगरंगोटीची लगबग सुरू होते. भिंतींबरोबर जुनी लाकडी कपाटे, फडताळे, स्वयंपाकघरातल्या मांडण्या यांचीही पाळी येते आणि गणपती बसायच्या आत त्यांच्यावर पॉलिशचा किंवा ऑइलपेंटचा हात फिरवला जातो. दिवाळीला तेच पॉलिश पांढरट पडलेले दिसते, नाहीतर बोटाला चिकटते. शिमग्यापर्यंत रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. मग ‘लाकूडच संपले’ म्हणून कपाट भंगारवाल्याला दिले जाते आणि त्याच्या जागी दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचे नवे कपाट येते. फरशी पुसतानाचे पाणी त्या फळ्यांच्या कडेत शिरले की त्या खालून फुगतात, आणि एकदा फुगलेली फळी पुन्हा बसत नाही. जुन्या कपाटाचे लाकूड मात्र संपलेले नसते. काम चुकीच्या महिन्यात झालेले असते, एवढेच. घरच्या घरी, साध्या हत्यारांनी ते नीट करता येते, पण त्याचे दोन भाग करावे लागतात. साफसफाई, सांधे, बिजागऱ्या, खण हे आत्ता करावे. पॉलिश आणि रंग दिवाळीनंतर.

याचे कारण हवेत आहे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, आणि ते फुगते-आकसते ते रुंदीत. लांबीत नाही म्हणण्याइतके कमी. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी एक फूट रुंदीची सागवानी फळी पावसाळा आणि उन्हाळा यांच्यामध्ये दीड-दोन मिलिमीटर हलते. आंबा, फणस याहून जास्त. म्हणून ऑगस्टमध्ये कपाटाचे दार चौकटीत अडकते. ते अडकले की लगेच रंधा मारून कड उतरवायची सवय आपल्याकडे आहे, आणि ती वाईट आहे. आत्ता रंधलेल्या दाराला मार्चमध्ये अशी फट पडते की आतला कपडा बाहेरून दिसतो. दार अडकत असेल तर त्या कडेला मेणबत्ती घासा, काम भागवा, आणि खरोखर किती घासायचे ते डिसेंबर-जानेवारीत ठरवा.

पॉलिशचेही तेच. लाखेच्या पॉलिशमधले स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड करते. हवा दमट असेल तर त्या गारव्यावर बाष्प धरते, ते ओल्या थरात अडकते आणि थर दुधासारखा पांढरा होतो. ऑइलपेंट आणि तेलाचे व्हार्निश ओल्या, गार हवेत वरून सुकल्यासारखे वाटतात, पण आतून मऊ राहतात. वर आणखी हात चढवला की तो मऊपणा आत कोंडला जातो. त्यातच लाकूडही पावसाळ्यात फुगलेले असते. ते हिवाळ्यात आकसते, वरचा थर मागे राहतो आणि सुरकुततो. तेव्हा डब्यावर ‘आठ तासांत सुकते’ असे लिहिले असले तरी ते खानापूरच्या पश्चिमेकडच्या, धो धो पावसाच्या जांबोटी-कणकुंबीच्या श्रावणासाठी लिहिलेले नाही, हे ध्यानात ठेवावे.

सगळा सीमाभाग एकसारखाही नाही. खानापूरच्या पश्चिमेला भिंतींतली ओल नोव्हेंबर संपेपर्यंत टिकते, तिथे डिसेंबर उजाडू द्यावा. बेळगाव शहरात दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी काम सुरू केले तर चालते. अथणी, रायबागकडे हवा लवकर कोरडी होते, तिथे अडचण उलटी येते. मार्च-एप्रिलच्या झळांत व्हार्निश इतके भराभर सुकते की ब्रशच्या रेघा तशाच राहतात, आणि उन्हात ठेवलेल्या फळीवर बुडबुडे येतात. तिकडे सकाळी लवकर, सावलीत काम करावे.

आता आत्ता करायच्या गोष्टी.

आधी कपाट कशाचे आहे ते पाहा, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. जुन्या घरांतली कपाटे पुष्कळदा दांडेली-खानापूरकडच्या जंगलातल्या सागवानाची आहेत. फळीच्या टोकाची कड बघा. वरच्या बाजूची रेषा त्या कडेवर वळून पुढे चालू दिसली तर लाकूड भरीव. कडेवर एकावर एक थर दिसले, किंवा कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असली, तर तो प्लायवूडवरचा पातळ लाकडी पापुद्रा, म्हणजे व्हिनियर. आजकालचा व्हिनियर अर्धा मिलिमीटरही जाड नसतो, त्यावर घासायचे मशीन आणि 80 नंबरचा घासकागद (नंबर जितका लहान तितका कागद खरखरीत) चालवला की मिनिटभरात खालचा थर उघडा पडतो, आणि त्याला मग इलाज नाही. सनमायका असेल तर त्याला पॉलिश होतच नाही. सुटलेली कड खालून खरवडून, दोन्ही बाजूंना रबरी चिकटद्रव्य लावून, ते बोटाला न चिकटण्याइतके सुकल्यावर दाबून बसवायची, बस्स.

सफाईसाठी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब पुरेत. कापड पिळून घ्या, ओले चोपडू नका. धुण्याचा सोडा सागवानावर वापरू नये, त्याने लाकूड काळपट पडते. आपल्याकडे कपाटाला चमक यावी म्हणून खोबरेल तेल किंवा रॉकेल लावण्याची पद्धत होती. तो वर्षानुवर्षांचा थर धूळ धरून काळा झालेला असतो आणि साबणाने निघत नाही. त्याला टर्पेंटाइन. पांढऱ्या सुती चिंधीवर थोडेसे घ्या, एक फूट-दोन फूट जागा पुसा, चिंधी मळली की बदला. चिंधी स्वच्छ निघू लागली की थांबा. या एका कामानेच अर्धी कपाटे ‘नवी पॉलिश केल्यासारखी’ दिसतात, आणि मग खरवडण्याची गरज उरत नाही. जिथे जुने पॉलिश शाबूत आहे तिथे ते काढू नये, असे आमचे ठाम मत आहे.

सैल दारे बहुतेक वेळा बिजागरीच्या स्क्रूमुळे लोंबतात. स्क्रूचे भोक मोठे झालेले असते. जाड स्क्रू घालून वेळ मारून नेता येते, पण चौकटीची कड त्याने उभी चिरते. त्यापेक्षा भोक स्वच्छ करून त्यात बांबूच्या काड्या, अगरबत्तीच्या कोऱ्या काड्याही चालतात, फेविकॉलमध्ये बुडवून ठोकून घट्ट भरा. पावसाळ्यात हे सुकायला दोन दिवस द्या. मग वर आलेले टोक पटाशीने सपाट कापा आणि 2 मिलिमीटरच्या ड्रिलने नवे भोक पाडून तोच जुना स्क्रू लावा. स्क्रू पितळी असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर करून वाट पाडून घ्या, नंतर पितळी स्क्रूला साबण किंवा मेण लावून फिरवा. पितळ नरम असते. सागवानात ते जोराने पिळले की डोके तुटून हातात येते आणि बाकीचा तुकडा आत अडकतो.

बिजागरीभोवती किंवा खिळ्याभोवती लाकूड निळे-काळे झालेले दिसते. ती बुरशी नव्हे. लोखंड, ओल आणि लाकडातले कषाय द्रव्य यांच्यामुळे शाईसारखा डाग पडतो. तो घासून जात नाही, कारण तो खोलवर गेलेला असतो. यावर ऑक्झॅलिक ॲसिड चालते. एक लिटर गरम पाण्यात 50 ग्रॅम, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून. पॉलिश निघालेल्या उघड्या लाकडावरच ते काम करते. ब्रशने लावा, अर्ध्या तासाने डाग फिका पडलेला दिसेल. नंतर स्वच्छ पाण्याने तीन वेळा पुसून काढा. ते विषारी आहे. सुकलेले पांढरे कण लाकडावर राहू दिले आणि नंतर घासकागद चालवला तर ते नाकात जातात आणि खोकून खोकून जीव जातो. म्हणून आधी धुणे, मग घासणे.

सांध्यांबाबत एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. जुन्या कपाटांत सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, वापरलेला आहे. सुटलेल्या सांध्यात त्या जुन्या सरसावरच फेविकॉल ओतले तर ते लाकडापर्यंत पोहोचतच नाही, महिन्याभरात सांधा पुन्हा हलू लागतो. सांधा पूर्ण उघडा, गरम पाण्यात भिजवलेले फडके त्यावर दहा मिनिटे ठेवा, सरस मऊ होऊन येईल, तो पटाशीच्या पाठीने खरवडून काढा. लाकूड कोरडे होऊ द्या. मग फेविकॉल दोन्ही बाजूंना पातळ लावून सांधा बसवा आणि आवळा. शिकंजे नसतील तर जुन्या सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापून ताणून गुंडाळावी, त्याइतका चांगला दाब दोरीलाही येत नाही. दाराची चौकट आवळली की दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे असले पाहिजेत. तीन-चार मिलिमीटरचा फरकसुद्धा दार लावताना कोपऱ्यात उमटतो, आणि गोंद सुकल्यावर तो काढता येत नाही.

चौकटीतल्या खोबणीत बसवलेली मधली फळी मात्र कधीही चिकटवू नका. ती सैल असते कारण ती सैल ठेवलेली असते. पावसाळ्यात तिला फुगायला आणि उन्हाळ्यात आकसायला तिथे जागा लागते. रंगारी फट दिसली की लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरतात, आणि घरमालकालाही ते नीटनेटके वाटते. उन्हाळ्यात त्या लांबीला सरळ रेघेत चीर जाते, नाहीतर फळीच मधोमध उलते. चांगल्या, निरोगी सागवानी कपाटाचे जे नुकसान पाऊस करत नाही ते या एका लांबीने होते. फट साफ ठेवा, तिच्यात रंग साचू देऊ नका. एवढेच तिचे काम.

खण अडकत असेल तर तो काढून उलटा करा. खालच्या पट्ट्यांवर चकाकी आलेली जागा दिसेल. घर्षण तिथे आहे. तिथे 180 नंबरचा कागद हलका फिरवून मेणबत्ती चोळा. तेल नको, तेलाने धूळ धरते.

कीड. लाकडाच्या भोकांतून पिठी पडते ती भुंगेऱ्यांची. ती चालू आहे की जुनी, हे आधी पाहावे. सगळी पिठी झाडून खाली काळा कागद ठेवा. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पिठी दिसली तर कीड जिवंत आहे. सागवानाच्या गाभ्याला ही कीड सहसा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या, कच्च्या लाकडाला लागते. लाकूडरक्षक तेलकट औषध हार्डवेअर दुकानात मिळते, ते इंजेक्शनच्या सिरिंजने एकेका भोकात सोडावे, पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि नंतर भोके मेणाने बंद करावीत. हे काम मागच्या, पॉलिश नसलेल्या बाजूने केले तर औषध जास्त खोल जाते. वाळवीचे तसे नाही. मातीची वाट दिसली तर वाळवी भिंतीतून किंवा जमिनीतून येते आहे. कपाटाला औषध मारून काही होत नाही, भिंतीचे पाहावे लागते, तोवर कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढून ठेवावे. ओल्या जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या भिंतीजवळ तर ते एरवीही दूरच असावे.

आणि पाय. कपाट आडवे करून त्याचे पाय खालून पाहा. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात. फरशी पुसतानाचे पाणी तिथून वर चढते आणि कपाट तळापासून कुजते. कोरडे झाल्यावर तिथे अरल्डाइटचा (दोन नळ्यांतले मिसळून लावायचा पक्का गोंद) पातळ थर द्या आणि वर रबराचे किंवा पीव्हीसीचे तुकडे बसवा. एका कपाटाला अर्ध्या तासाचे काम आहे, पण ते करताना कुणी दिसत नाही.

इथपर्यंत सगळे गणपतीपूर्वी होऊ शकते. कपाट स्वच्छ, दारे सरळ, खण मोकळे. सण एवढ्यावर छान होतो.

दिवाळीनंतर, लाकूड कोरडे झाल्यावर, आधी जुने पॉलिश कुठले आहे ते तपासा. दाराच्या आतल्या कोपऱ्यात कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मिनिटभर दाबून धरा. थर चिकट झाला तर लाखेचे पॉलिश. तसे झाले नाही तर शेजारी थिनरचा बोळा ठेवून पाहा. त्याने विरघळला तर लॅकर. दोन्हींनी काही झाले नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) ही कृत्रिम पॉलिशे किंवा ऑइलपेंट. लाखेचे पॉलिश फक्त निस्तेज झाले असेल तर खरवडू नका. 400 नंबरच्या कागदाने हलके घासून त्यावरच नवे हात द्या, ते जुन्यात विरघळून एकजीव होतात. ही सोय मेलामाइन किंवा पीयूला नाही, म्हणून जुन्या कपाटाला लाखच बरी. ग्लास किंवा गरम भांड्याचा पांढरा गोल डागही वरच्या थरातच असतो. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेले कापड त्यावरून पिसासारखे फिरवले की तो जातो. कापड थांबले तर मात्र थर उचलला जातो.

जुना रंग काढायचा असेल तर इथे जरा थांबावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम देशात 2016 मध्ये झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांत, शिसे असू शकते. ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग कोरडा घासू नका, जाळून तर अजिबात काढू नका. रंग काढणारे जेल लावून पत्र्याने ओला खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरावे, कपचे गोळा करून बंद पिशवीत टाकावेत, गरोदर बाई आणि मुले त्या दिवशी घरात नसावीत. रंग घट्ट असेल तर काढण्यापेक्षा त्यावर 180 चा पाणकागद पाण्यात भिजवून चालवून पुन्हा रंगवणे जास्त सुरक्षित.

घासणे नेहमी रेषेच्या दिशेने. आडवा ओरखडा उघड्या लाकडावर दिसत नाही. पॉलिशचा पहिला हात पडला की तो उठून दिसतो. भरीव सागवानाला 120, मग 180, मग 220. व्हिनियरला 180 पासून पुढे, हातानेच, लाकडी ठोकळ्यावर कागद गुंडाळून. प्रत्येक नंबरानंतर धूळ पुसा, कारण आधीच्या कागदाचा एक खडा पुढच्या कागदाखाली राहिला की सगळे पुन्हा करावे लागते. सागवानाची धूळ नाकाला आणि त्वचेला चुरचुरते, साधा रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क घाला.

खड्डे भरायला भुसा आणि फेविकॉल कालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो डाग पुढे वेगळा उठून दिसतो, कारण सुकलेल्या फेविकॉलवर रंग चढत नाही. त्याऐवजी त्याच कपाटाचा बारीक भुसा दाट लाखेत कालवून भरा, किंवा पॉलिश झाल्यावर जुळत्या रंगाचे मेण भरा. मोठा तुटलेला कोपरा असेल तर त्याच जातीचा तुकडा, रेषा जुळवून, चिकटवावा. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडात कधी भरू नये. ती सिमेंटची असते, लाकूड हलते आणि ती सुटते.

लाखेचे पॉलिश घरी करणे सोपे आहे. चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची लाख) 120 ग्रॅम, स्पिरिट एक लिटर, काचेच्या बरणीत रात्रभर भिजत ठेवा, अधूनमधून हलवा, सकाळी मलमलमधून गाळा. हे पहिल्या दोन पातळ हातांसाठी. पुढच्या हातांसाठी लिटरला 240 ग्रॅम. लोखंडी किंवा गंजका डबा वापरू नका, लाख काळी पडते. बनवलेले पॉलिश सहा महिन्यांत वापरावे. त्यानंतर ते कितीही दिवस सोडले तरी पुरते कडक होत नाही, आणि कपाट चिकट राहण्याचे हे दुसरे मोठे कारण आहे. शंका असेल तर काचेवर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नखाने दाबल्यावर खूण उमटली तर ते ओतून द्या.

लावायला कापसाचा लिंबाएवढा बोळा, त्यावर जुन्या धुतलेल्या धोतराचे किंवा मलमलचे कापड, पुरचुंडीसारखे बांधलेले. पॉलिश कापसात ओता, कापडावर नाही, आणि तळहातावर दाबून पाहा. तळहात ओलसर व्हावा, ठिपका पडू नये. पुरचुंडी चालत्या हाताने लाकडावर उतरवायची आणि चालत्या हातानेच उचलायची. मध्ये थांबली की तिथे ती चिकटते आणि कापडाची जाळी उमटते. ओढू लागली तर तिच्या तळाला जवसाच्या तेलाचा एकच थेंब लावा. दोन हातांमध्ये तासभर, दिवसाला तीन-चार हात, दुसऱ्या दिवशी 400 ने हलके घासून पुन्हा. आठ-दहा पातळ हातांत जे रूप येते ते तीन जाड हातांत कधी येत नाही. थर पांढरा पडू लागला तर काम तिथेच सोडा. कोरड्या दिवशी स्पिरिटने ओलसर पुरचुंडी फिरवली की तो पुन्हा नितळ होतो.

स्वयंपाकघरात लाख नको. वाफ, उष्णता आणि सॅनिटायझर तिला सोसत नाहीत. तिथे पीयू व्हार्निश. सागवान तेलकट असल्यामुळे लावण्याच्या अगदी आधी थिनरने पुसून घ्यावे, नाहीतर व्हार्निश महिनोन्‌महिने धरत नाही. तीन हात, प्रत्येक हात रात्रभर सुकवून, मध्ये 320 चा कागद. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल अशा दोन दारी कपाटाचा हिशेब असा. दारांच्या दोन्ही बाजू 36 चौरस फूट, दोन्ही कुशी 18, माथा साडेचार, म्हणजे साठ धरा. एका लिटरमध्ये साधारण शंभर चौरस फुटांना एक हात होतो, तेव्हा तीन हातांना दोन लिटर आणावे. पहिला हात लाकूड पिऊन टाकते.

दाराच्या दोन्ही बाजू म्हटले ते मुद्दाम. बाहेर तीन हात आणि आतून काहीच नाही, असे केले की आतली बाजू ओलावा घेते, बाहेरची घेत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात दार पापडासारखे वाकते. आत जितके हात तितकेच बाहेर. कपड्यांच्या कपाटात मात्र आतून तेल किंवा तेलकट व्हार्निश लावू नका, बंद जागेत त्याचा वास महिनोन्‌महिने राहतो आणि पातळांना लागतो. आतून लाखच.

ज्यांना पांढरा किंवा फिका रंगच हवा आहे त्यांनी सागवानावर प्राइमरच्या आधी लाखेचे दोन पातळ हात द्यावेत. नाहीतर लाकडातला पिवळा-तपकिरी रंग वर येतो आणि कितीही हात चढवले तरी झिरपत राहतो.

शेवटी आगीचे. स्पिरिट आणि थिनरची वाफ जमिनीलगत पसरते. शेजारच्या खोलीतल्या देवघरातली समई, अगरबत्ती, गॅस हे सगळे काम चालू असेपर्यंत आणि त्यानंतर वास जाईपर्यंत बंद ठेवावे, खिडक्या उघड्या. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडते आणि ढिगात ती कोंडली की काडी न लावताही चिंध्या पेटतात. त्या दोरीवर एकेक पसरून वाळवाव्या, कडक झाल्या की मगच टाकाव्या.

पॉलिश झालेले कपाट आठवडाभर उघडे ठेवा, मगच आत कपडे लावा. काचेची भांडी वर ठेवायला तीन आठवडे थांबावे. वरून कोरडा वाटणारा थर तोवर आतून कडक होत असतो, आणि भांड्याची बुडे त्यात रुतून बसतात.

आपले,
सुतारकाम व पॉलिशकाम करणारे काही वाचक
शहापूर, बेळगाव